तसबीर आणि टवाळी

भिलाईतील एका मराठी संस्थेने आपल्या वर्धापनदिनानिमित्त एक स्मरणिका काढली. संस्थेचे नाव येथे देण्याचे कारण नाही. ज्या ज्या गावी चार मराठी अधिकारी बदलून गेले आहेत, त्या त्या गावी अशी एक संस्था आहे आणि तिची अशीच एक स्मरणिका आहे. कागद गुळगुळीत, छपाई सुबक, आणि मजकुराविषयी काही बोलावे असा प्रसंगच येत नाही. कारण ती वाचण्याकरिता काढलेली नसून पाहण्याकरिता काढलेली असते. पहिल्या पानावर प्रमुख पाहुण्यांची छबी, दुसऱ्यावर अध्यक्षांची, तिसऱ्यावर माजी अध्यक्षांची, आणि पुढे जाहिरातींच्या अधूनमधून कार्यकारिणी, उपसमित्या, देणगीदार. अखेरच्या पानावर ज्या गृहस्थांनी मुद्रण पाहिले, त्यांचीही छबी आहे.

याच स्मरणिकेकरिता एका तरुण अभियंत्याने एक व्यंगचित्र दिले होते. चित्र साधे होते. एक व्यासपीठ, त्यावर एकवीस खुर्च्या, वीस सत्कारमूर्ती, वीस शाली, वीस नारळ. खाली सतरंजीवर एकच श्रोता बसला आहे, आणि निवेदक ध्वनिक्षेपकावरून त्याला विनवतो आहे, “आपणही वर यावे, एक खुर्ची शिल्लक आहे.” संपादकमंडळापुढे ते चित्र आले तेव्हा दोघेतिघे मनापासून हसले. मग हसल्याबद्दल त्यांना पश्चात्ताप झाला, आणि चित्र साभार परत करण्याचे एकमताने ठरले. एकमताने म्हणतो, कारण त्या मंडळात मीही होतो आणि मी काही बोललो नाही. आज बोलतो आहे ते उशिरा बोलतो आहे, हे मला ठाऊक आहे.

चित्र परत करताना तीन कारणे सांगण्यात आली. एक, आपण परप्रांतात राहतो. चारचौघांपुढे आपलीच टवाळी आपण करू नये. दोन, वडीलधाऱ्यांचा मान राखला पाहिजे. आणि तीन, असली चित्रे ही इंग्रजांची तऱ्हा आहे. ती आपली परंपरा नव्हे. ही तीनही कारणे ऐकायला भारदस्त आहेत. तपासून पाहिली असता त्यांतील एकही टिकत नाही, असे माझे म्हणणे आहे. शेवटचे कारण सर्वांत विद्वत्तेचे म्हणून प्रथम तेच घेतो.

व्यंगचित्र ही इंग्रजांची तऱ्हा आहे, हे खरे आहे. अठराव्या शतकातील लंडनमध्ये तिने जे रूप घेतले ते पाहण्याजोगे आहे. विल्यम होगार्थ हा तिचा मूळ पुरुष. आपल्या कोरीव चित्रांच्या नकला करून दुसरेच पैसे मिळवतात हे पाहून त्याने खटपट केली, आणि १७३५ साली कोरीव चित्रांवर चित्रकाराचा हक्क मान्य करणारा कायदा पार्लमेंटकडून करून घेतला. त्यानंतर हा धंदा भरभराटला. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरावे किंवा आम्लाने खोदावे, शाई भरावी, ओल्या कागदावर दाबून छाप काढावा, हाताने रंगवावा आणि दुकानाच्या खिडकीत लावावा. एकदोन शिलिंग असणाऱ्याने तो घरी न्यावा. नसणाऱ्याने रस्त्यावर उभे राहून फुकट पाहावा आणि हसावे. जेम्स गिलरे हा या धंद्यातील सर्वांत तिखट हात. हॅना हम्फ्री नावाच्या बाईच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर तो राहत असे, आणि त्याचे चित्र खिडकीत लागले की फूटपाथवर गर्दी जमत असे.

पण आमचे विद्वान मित्र एक गोष्ट विसरतात. त्याच काळी, त्याच तांब्यावर, पुष्कळदा त्याच हातांनी दुसराही माल निघत होता: थोरामोठ्यांच्या गंभीर कोरीव तसबिरी. सरदार, सेनापती, धर्मगुरू, न्यायाधीश यांच्या तैलचित्रांवरून छाप काढले जात आणि सुखवस्तू लोक ते जमवीत. १७६९ साली जेम्स ग्रेंजर या पाद्र्याने इंग्लंडातील कोरीव तसबिरींचा चरित्रात्मक ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि त्यानंतर हा छंद एवढा वाढला की लोक जुन्या पुस्तकांतील तसबिरी फाडून आपापल्या संग्रहात चिकटवू लागले. पिटची ज्याने उभ्या जन्मात दैना केली, त्या गिलरेने त्याच पिटचे गंभीर चित्रही कोरले होते. तात्पर्य, तसबीर आणि टवाळी या एकाच घरात वाढलेल्या दोन बहिणी. इंग्रजांची तऱ्हा म्हणून एकीला दाराबाहेर ठेवायचे असेल, तर दुसरीलाही ठेवले पाहिजे. आपण काय केले? एकीला दिवाणखान्यात बसवले आणि दुसरीला दारात उभे केले.

दिवाणखान्यात बसवले, हे मी अक्षरशः म्हणतो. माझ्या घरी नाना फडणवीसांची एक जुनी तसबीर आहे. ती आजोबांकडून वडिलांकडे आली आणि वडिलांकडून माझ्याकडे. माझ्या बदल्यांबरोबर तिच्याही बदल्या झाल्या. लांबट कृश चेहरा, खोल डोळे, डोक्यावर पागोटे. आल्यागेल्यास ती मी अभिमानाने दाखवतो. ज्याचे चित्र परत केले त्या अभियंत्यानेच एकदा मला विचारले, “काका, ही मुळात काढली कोणी?” मला उत्तर देता आले नाही. पुढे शोध घेतला तेव्हा उत्तर मिळाले, आणि ते आमच्या परंपरावाद्यांनी ऐकून ठेवण्यासारखे आहे.

नानांचा जो चेहरा आज मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे उभा राहतो, त्याचे मूळ जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराच्या कुंचल्यात आहे. हा वेल्स १७९१ साली मुंबईत उतरला आणि पुढच्या वर्षी पुण्यास गेला. तेथे कंपनीचा वकील चार्ल्स मॅलेट याचा त्याला आश्रय होता. सवाई माधवराव, नाना, महादजी शिंदे यांची चित्रे त्याने काढली. तरुण पेशवा आणि जवळ बसलेले नाना, असे त्याचे मोठे चित्र आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. १७९५ च्या ऑक्टोबरात सवाई माधवराव गेले आणि पुढच्याच महिन्यात वेल्सही वारला. त्याच्या रेखाटनांचा आधार घेऊन टॉमस डॅनियल याने मॅलेटकरिता एक विस्तीर्ण चित्र रंगवले: १७९० साली शनिवारवाड्यात टिपूविरुद्धचा तह होत आहे, पेशव्यांचा दरबार भरला आहे आणि मॅलेट मध्यभागी आहे. ते १८०५ साली पूर्ण झाले आणि पुढे त्यावरून कोरीव छापही निघाला. म्हणजे पेशव्यांच्या दरबाराचे जे वैभव आपण त्या चित्रात डोळे भरून पाहतो, ते मॅलेटने स्वतःच्या गौरवाकरिता पैसे देऊन काढवून घेतले आहे. आमच्या स्मरणिकेतील व्यासपीठाचे छायाचित्र याच जातीचे आहे.

आता याच वर्षांत लंडनच्या खिडकीत काय लागत होते ते पाहावे. १७९१ च्या पावसाळ्याच्या तोंडी लॉर्ड कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणच्या वेशीवरून माघारी फिरला. त्याच्या सैन्यात दाणावैरण उरली नव्हती, बैल मेले होते, तोफा निकामी करून टाकाव्या लागल्या होत्या. अशा वेळी हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा येऊन मिळाल्या आणि मराठ्यांच्या बाजारातील धान्यावर ते सैन्य जगले. ही बातमी विलायतेस पोहोचली तेव्हा गिलरेने त्या माघारीचे चित्र काढले. त्यात तटावर चढलेला टिपू खाली पळणाऱ्या गव्हर्नर जनरलवर अशा प्रकारची पर्जन्यवृष्टी करतो आहे की तिचे वर्णन या मासिकाच्या पानावर करणे प्रशस्त होणार नाही. चित्राला नावच ‘मान्सूनचे आगमन’ अशा अर्थाचे दिले होते. शत्रूच्या हातून आपल्याच सेनापतीची अशी विटंबना आपल्याच राजधानीत, भर रस्त्यावर! या चित्राने ना कॉर्नवॉलिसचे पद गेले, ना गिलरेचा हात थांबला. १७९२ साली टिपूला शरण यावे लागले आणि कॉर्नवॉलिस मार्क्विस झाला. ज्या राष्ट्राने आपल्या सेनापतीवर हसून घेतले, त्या राष्ट्राचे त्या हसण्याने काही बिघडले नाही. आपल्या दरबारात कोणीच कोणावर चित्रातून हसले नाही, आणि त्यानंतर पंचवीस-सव्वीस वर्षांत शनिवारवाड्यावर निशाण कोणाचे लागले ते सर्वांस ठाऊक आहे. हसले नाही म्हणून राज्य गेले, असा बाळबोध निष्कर्ष मी काढत नाही. पण हसले म्हणजे राज्य जाते हा जो आमचा समज आहे, त्याला आधार नाही एवढे यावरून खचित सिद्ध होते.

कोणी म्हणेल की आपल्याकडे साधने नव्हती. हेही खरे नाही. पुण्यात तांबटांची आळी होती. गंगाराम तांबट नावाचा कारागीर मॅलेट आणि वेल्स यांच्या हाताखाली इतका तयार झाला होता की वेरूळच्या लेण्यांची, पुण्याच्या परिसराची आणि पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंड्याची त्याने काढलेली चित्रे आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात जपून ठेवली आहेत. आपल्यापैकी किती जणांनी त्याचे नाव ऐकले आहे? पुण्यातील एका तांबटास अक्षरे कोरण्याची विद्या याच सुमारास अवगत झाली होती आणि तिच्या बळावर १८०५ साली मिरजेस, पटवर्धनांच्या आश्रयाने, तांब्याचे पत्रे कोरून भगवद्गीता छापण्यात आली. १८०५ हे साल लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याच साली डॅनियलचे दरबारचित्र पुरे झाले. त्याच साली लंडनमध्ये गिलरेने पिट आणि नेपोलियन पृथ्वीचा गोळा पुडिंगासारखा कापून खात आहेत असे आपले सर्वांत प्रसिद्ध चित्र तांब्यावर खोदले. आणि त्याच साली आपण तांब्यावर गीता कोरली. गीता कोरली याचा अभिमानच आहे. पण तांबे होते, हात होता, शाई होती, कागद होता; टवाळीचे एक चित्र मात्र निघाले नाही.

मग टवाळीची बुद्धी नव्हती काय? ज्या भाषेत नाथांची भारुडे आहेत, तिच्याविषयी असे कोण म्हणेल? लळितातील सोंगे, तमाशातील सोंगाड्या, अनंत फंदींचे फटके: मराठी जीभ कधीच बोथट नव्हती. जीभ होती, तांबे होते, हात होता. तीनही एकत्र आली नाहीत, कारण गिऱ्हाईक नव्हते. लंडनमधील चित्रकाराचा पोशिंदा रस्त्यावरून जाणारा शिलिंगवाला माणूस होता. पुण्यातील कारागिराचा पोशिंदा एकच, दरबार. मग तो शनिवारवाड्यातील असो की संगमावरील रेसिडेन्सीतील असो. दरबार तसबीर मागतो. दरबाराने आपली टवाळी विकत घेतल्याचे कोठे ऐकिवात नाही.

आणि हीच आपली आजची गोष्ट आहे. आमच्या स्मरणिकेचा पोशिंदा वाचक नाही. तिचा पोशिंदा जाहिरात देणारा ठेकेदार आहे, आणि ठेकेदार जाहिरात देतो ती ज्या साहेबाच्या शब्दाखातर, त्या साहेबाची छबी पहिल्या पानावर असते. ‘ती आपली परंपरा नव्हे’ या भारदस्त वाक्यामागे एवढाच अर्थ दडलेला आहे. परंपरा खरोखरच प्रमाण मानायची असेल तर भारूड आमच्या बाजूचे आहे. तैलरंगातील हुबेहूब तसबीर मॅलेटच्या बाजूची.

दुसरे कारण वडीलधाऱ्यांच्या मानाचे. यावर इंग्लंडचाच दाखला पुन्हा देतो. गिलरेने १७९२ साली तेथील युवराजाचे चित्र काढले: पोट सुटलेले, दातात काटा, भोवती रिकाम्या बाटल्या आणि न भागवलेली बिले. हाच युवराज पुढे राजा झाला. तो असल्या चित्रांचा मोठा संग्राहक होता, आणि स्वतःची टर उडवलेले छापही विकत घेत असे. अर्थात हा सर्व खेळ धुतल्या तांदळाचा होता, असे मी भासवू इच्छित नाही. काही चित्रे दाबून टाकण्यासाठी त्याच राजघराण्याने पैसे मोजले. गिलरेला पिटच्या पक्षाकडून पुढे वर्षासन मिळू लागले. कंपनीचा कारभार पार्लमेंटकडे घेण्याच्या फॉक्सच्या बिलावर जेम्स सेयर्स याने १७८३ साली ‘कार्लो खान’ हे चित्र काढले; फॉक्स हत्तीवर बसून कंपनीच्या कचेरीकडे मिरवत निघाला आहे. पुढे पिटच्या कृपेने सेयर्सला सरकारी जागा मिळाली. शिवाय वॉरन हेस्टिंग्जच्या खटल्यावर डझनावारी चित्रे निघाली, तरी त्यांत हत्ती, उंट, फेटे आणि रुपयांच्या थैल्या यांपलीकडे हिंदुस्थान नाही. ज्याची लूट झाली त्या रयतेचे दुःख त्या चित्रांत शोधू नये. टवाळीही विकली जाते, टवाळीही आंधळी असते, हे मला मान्य आहे. परंतु तसबीर विकली जात नाही काय? फरक इतकाच की विकल्या गेलेल्या टवाळीला दुसऱ्या दुकानातील टवाळी उत्तर देते; तसबिरीला उत्तर देणारी तसबीर कधी निघत नाही.

आणि मान म्हणजे तरी काय? ज्या अध्यक्षांवर कोणी हसू शकत नाही, त्यांचा मान राखला जात नाही. त्यांची फक्त भीड राखली जाते. मराठी मुलखाने हा भेद पुढे ओळखला. १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या स्नेह्यांनी पुण्यात चित्रशाळा काढली, तेव्हा तिच्यातून प्रथम देवदेवतांची आणि पेशवाईतील पुरुषांची चित्रेच निघाली. पारतंत्र्यात त्यांची गरजही होती. परंतु पुढच्या पिढीत शंकरराव किर्लोस्करांनी आपल्या मासिकात समाजाच्या दांभिकतेवर टाकाच्या फेकी मारल्या. वसंत सरवटे सिमेंट कंपनीत अभियंता म्हणून नोकरी करीत असतानाच मराठी मध्यमवर्गाला आरसा दाखवीत राहिले. शि. द. फडणीसांनी तर शब्दावाचून हसवले. त्या मासिकांच्या दिवाळी अंकांची गठ्ठ्यांनी बांधलेली पार्सले आपण या परमुलखात मागवून घेतली आणि त्यांवर पोट धरून हसलो. म्हणजे मासिकात छापलेला साहेब हास्यास्पद असला तर चालतो; सेक्टरातला नको!

राहिले पहिले कारण: आपण परप्रांतात आहो. हेच मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण त्यात भीती आहे, आणि भीतीशी वाद करताना नुसते दाखले पुरत नाहीत. या मुलखात मराठी माणूस प्रथम आला तोच अधिकारी म्हणून. अठराव्या शतकात बिंबाजी भोसल्यांनी रतनपुराहून येथील कारभार पाहिला. १९५५ साली सोव्हिएत सरकारशी करार होऊन भिलाईचा कारखाना ठरला आणि १९५९ साली पहिली झोतभट्टी पेटली, तेव्हा आमच्यासारखे लोक आले तेही हुद्दे घेऊनच. हुद्द्याने आलेल्या माणसाला वाटते की आपण हसलो तर हुद्दा हलेल. पण ज्यांच्यामध्ये आपण राहतो त्या लोकांकडे तरी पाहावे. आपल्या क्वार्टरांच्या कुंपणापलीकडे, दुर्ग आणि राजनांदगावच्या खेड्यांतून, रात्ररात्र नाचा चालत आला आहे. त्यातला जोक्कड मालगुजाराची, सावकाराची, कचेरीतल्या साहेबाची भर गावात रेवडी उडवतो, आणि मालगुजार तेथेच खाटेवर बसून पाहत असतो. छत्तीसगढी माणसाला त्यामुळे आपली अब्रू गेली असे कधी वाटले नाही. उलट हबीब तनवीर यांनी त्याच कलावंतांना घेऊन ‘चरणदास चोर’ केले आणि जगाने त्यांना मुजरा केला. शेजाऱ्यापुढे हसायला आपण लाजतो आणि शेजारी मात्र आपल्यापुढे मोकळेपणाने हसतो. मग दोघांत घाबरट कोण?

दुसरा दाखला आपल्यातलाच. माधवराव सप्रे हे मराठी घरातले गृहस्थ. १९०० साली त्यांनी पेंढ्राहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. त्याचे वैशिष्ट्य काय होते? परखड ग्रंथपरीक्षण. परक्या भाषेत, परक्या मुलखात, आडगावाहून, या माणसाने लेखकांची भीड धरली नाही. म्हणूनच त्यांचे नाव येथील शाळकरी मुलांना ठाऊक आहे. आमच्या स्मरणिकांतील छब्यांपैकी कोणाचे असेल?

आता मुख्य गोष्ट सांगतो. तो तरुण अभियंता आता संस्थेत येत नाही. भांडून गेला नाही. नुसता यायचा थांबला. त्याच्याबरोबर दोघेचौघे थांबले. गणेशोत्सवात आरतीला येतात, प्रसाद घेतात, जातात. आपली मुले मराठीत आरती म्हणतात, ‘आई, जेवायला वाढ’ म्हणतात, आणि हसायचे झाले की हिंदीत हसतात. याला आपण काळाचा महिमा म्हणतो. मी म्हणतो, हा आपला महिमा आहे. ज्या भाषेत वडीलधाऱ्यांवर हसण्याची सोय उरत नाही, ती भाषा मुले वडीलधाऱ्यांकरिता राखून ठेवतात. आणि वडीलधारे गेले की तिचे काम संपते. देव्हाऱ्यात ठेवलेल्या भांड्यात कोणी रोज पाणी पीत नाही.

माझी मागणी मोठी नाही. पुढील स्मरणिकेत छब्या असू द्याव्यात. माणसाला आपली छबी आवडते, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण त्यांच्याशेजारी एक पान त्या अभियंत्याला द्यावे, आणि त्याने काय काढावे हे समितीने ठरवू नये. वीस शाली आणि एक श्रोता यांचे चित्र पहिल्या पानावर छापले तर उत्तमच. अध्यक्षमहाराज स्वतः त्याखाली सही करतील तर त्याहून उत्तम. संपादकमंडळातील माझी जागा त्यासाठी मोकळी करावी लागली तर ती मी आनंदाने करीन.

माझ्या घरच्या तसबिरीच्या मागे मी एक चिठ्ठी चिकटवली आहे. तीत वेल्सचे नाव आहे, आणि त्याच्याखाली गंगाराम तांबटाचे. ते परत केलेले व्यंगचित्र मी अभियंत्याकडून मागून आणले आहे. नानांच्या शेजारी, त्याच खिळ्यांच्या रांगेत, ते टांगले आहे. आल्यागेल्यास आता मी दोन्ही दाखवतो. नानांपुढे लोक क्षणभर थांबतात, मान लववतात आणि पुढे सरकतात. दुसऱ्या चित्रापुढे मात्र ते उभे राहतात, हसतात, आणि मग हळूच विचारतात, “यात मी कोणता?”